एफ-२ वर ॲन आर्बरला येताय? विद्यापीठात फुकट काय काय आहे

ताई, रामराम. अमळनेरहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: यजमान ऑगस्टमध्ये मिशिगन विद्यापीठात एमएसला येणार, तुम्ही एफ-२ व्हिसावर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळतो तो) चार वर्षांच्या मुलीसोबत. नोकरीची परवानगी नाही, हात आखडता. तर विद्यापीठात फुकट बघण्या-ऐकण्यासारखं काय आहे, आणि विद्यार्थी नसलेल्या बाईला आत घेतात का?

घेतात. बांभोरीला उमविचं, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं, आवार गावाबाहेर वेगळं आहे, इथे विद्यापीठ गावातच पसरलंय आणि मोठं फाटक असं नाहीच. तरी फुकट असलेला प्रत्येक कार्यक्रम सगळ्यांसाठी नसतो. विद्यापीठाचं 'हॅपनिंग ॲट मिशिगन' हे ऑनलाइन कॅलेंडर उघडा आणि प्रवेश कुणाला आहे ते आधी वाचा. काही ठिकाणी फक्त विद्यार्थ्यांना सोडतात. नोंदणी करा असं लिहिलं असेल तर पैसे नसले तरी करा, कारण हॉल भरला की नाव नसलेला माणूस बाहेर राहतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो संगीताच्या कार्यक्रमांत. हिल ऑडिटोरियम हे १९१३ सालचं, साडेतीन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं सभागृह. तिथे संगीत विभागाच्या विद्यार्थ्यांचे ऑर्केस्ट्रा आणि बँड वाजतात, त्यांना बहुतेक वेळा तिकीट नसतं. पण त्याच मंचावर युनिव्हर्सिटी म्युझिकल सोसायटी बाहेरचे नावाजलेले कलाकार आणते, तिथे तिकीट काढावं लागतं. म्हणून घरून निघताना सभागृह नाही, आयोजक कोण ते बघा. मला विचाराल तर मोठ्या मैफलींपेक्षा नॉर्थ कॅम्पसवरच्या मूर बिल्डिंगमधली विद्यार्थ्यांची रिसायटल, म्हणजे एकेकाच्या वादन-गायनाचे छोटे कार्यक्रम, चांगली. पदवीसाठी ती द्यावीच लागतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये त्यांची रांग लागते आणि निम्म्या खुर्च्या मोकळ्या असतात. मुलीला घेऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसा. आत-बाहेर जायचं ते टाळ्या चालू असताना. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मध्ये शांतता झाली म्हणून टाळ्या वाजवू नका. वाजवणारा उठून उभा राहिला की वाजवा.

भाषणं हवी असतील तर सत्र चालू असताना गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मिशिगन थिएटरमध्ये 'पेनी स्टॅम्प्स' मालिका असते, कलाकार आणि डिझायनर बोलतात. शनिवारी सकाळी साडेदहाला वायझर हॉलमध्ये 'सॅटर्डे मॉर्निंग फिजिक्स'. भौतिकशास्त्र न शिकलेल्यांसाठीच ती व्याख्यानं आहेत, इंग्रजी कानावर बसायलाही उत्तम. मात्र दोन्ही मालिका दर आठवड्याला नसतात, तारखा बघून जा.

मुलीसाठी नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय: मॅस्टोडॉनचे (हत्तीसारख्या प्राचीन प्राण्याचे) सांगाडे आणि छताला टांगलेले प्राचीन देवमासे. प्रवेश फुकट, तारांगणाला तिकीट, तेव्हा तिथल्या दारावर हट्ट होणार हे धरून चला. कलासंग्रहालयही फुकट, पण सोमवारी बंद.

जळगावच्या पंचेचाळीस अंशांतून आलेल्या माणसाला जानेवारी जड जातो. साडेपाच-सहाच्या सुमारास अंधार, पारा शून्याखाली. तेव्हा मॅथाई बोटॅनिकल गार्डनच्या काचघरात जा. आत उष्ण कटिबंधातली झाडं, शेजारच्या दालनात निवडुंग, आणि स्वेटर काढावा लागेल इतकी ऊब. प्रवेश फुकट, गाडी लावायचे मात्र पैसे. निकोल्स आर्बोरेटम या वृक्षउद्यानातली पिओनी फुलांची बाग मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फुलते. एकदा जोरदार पाऊस झाला की फुलं मान टाकतात, म्हणून वाट बघत बसू नका.

विद्यापीठाच्या निळ्या बसला भाडं नाही, ओळखपत्रही विचारत नाहीत. शहराची 'द राइड' वेगळी: यजमानांना एम-कार्डवर (विद्यापीठाच्या ओळखपत्रावर) फुकट, तुम्हाला दीड डॉलर. फुटबॉलच्या शनिवारी स्टेडियमकडे लाखावर माणूस लोटतो आणि बसचे मार्ग बदलतात. त्या दिवशी मुलीला घेऊन निघायच्या फंदात पडू नका.

कार्यक्रमानंतर खाणं असेल तर पिझ्झ्यावरच्या लाल चकत्या टोमॅटोच्या नव्हेत, पेपरोनी म्हणजे डुक्कर आणि गायीचं मांस. पांढरे मऊ मार्शमेलो गोड असले तरी त्यात जिलेटिन असतं, तेही प्राण्यांचं. 'व्हेज' सांगितलं तरी अंडं येऊ शकतं, तेव्हा अंडं चालत नसेल तर तसं वेगळं सांगा.

आता व्हिसाचं. भिंतीवर जाहिराती दिसतील: प्रयोगात भाग घ्या, वीस डॉलर मिळतील. एफ-२ वर हा मोबदला घेण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल सेंटरला विचारा. स्वयंसेवक म्हणून काम करतानाही तेच, कारण ज्या कामाला एरवी पगार देतात ते फुकट केलं तरी नोकरी धरली जाऊ शकते. कार्यक्रम ऐकायला, बघायला कुणाचीच परवानगी लागत नाही. अर्धवेळ शिकताही येतं, मान्यताप्राप्त संस्थेत आणि पूर्ण अभ्यासक्रमापेक्षा कमी विषय घेऊन; पण त्याची फी भरावी लागते.