थकवा गोळीचा की आजाराचा?

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आहे. पाच महिन्यांपूर्वी नैराश्याचे निदान झाले आणि मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम सुरू केली; पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, त्यानंतर १०. रडू येणे थांबले, कामात लक्ष लागू लागले. थोडी उदासी उरली होती म्हणून सहा आठवड्यांपूर्वी डोस १५ केला आणि तेव्हापासून दुपारी अंगातले त्राण गेल्यासारखे होते. शेवटी कंटाळून गेले पंधरा दिवस मी डॉक्टरांना न विचारता गोळी एक दिवसाआड घेत आहे. थकवा तर गेला नाहीच, उलट चिडचिड वाढली आहे आणि मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होते. आजार परत येत आहे का? – एक वाचक

उत्तर : आधी एक दिवसाआड गोळी घेण्याबद्दल लिहितो, कारण आपल्या सध्याच्या त्रासाचे मूळ बहुधा तिथेच आहे. एस्सिटॅलोप्रॅमची रक्तातील पातळी साधारणपणे तीस तासांत निम्मी होते. म्हणजे पुढची गोळी ४८ तासांनी घेतली, तर तोपर्यंत आधीच्या औषधाचा जेमतेम तिसरा हिस्सा शरीरात शिल्लक असतो. आपल्याला वाटते की आपण डोस निम्मा केला, प्रत्यक्षात मात्र मेंदूला दर दोन दिवसांनी औषध बंद होत आल्याचा आणि पुन्हा सुरू झाल्याचा अनुभव येत आहे. डोक्यातले विजेसारखे झटके हे नैराश्याचे लक्षण नाही. औषध अचानक कमी झाल्याची ती जवळजवळ ओळखीची खूण आहे, आणि तिच्याबरोबर चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने व चिडचिड हीदेखील येऊ शकतात. ओळखीतल्या कोणी एक दिवसाआड गोळी घेऊन काहीच झाले नाही असे सांगितले असेल, तर ती गोळी फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाची असण्याची शक्यता आहे. ते औषध शरीरात कितीतरी दिवस टिकून राहते, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याचे फारसे जाणवत नाही. याउलट पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधे घेणाऱ्याला एक दिवस चुकला तरी त्रास होऊ शकतो.

आजार उलटणे आणि औषध कमी झाल्याचा त्रास यांत फरक करताना मी रुग्णाला सर्वप्रथम तारीख विचारतो. औषध कमी झाल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, त्यात पूर्वी कधी नसलेल्या शारीरिक तक्रारी असतात आणि नियमित डोस पुन्हा सुरू झाल्यावर तो सहसा लवकर ओसरतो. आजार मात्र काही आठवड्यांत हळूहळू आणि आपल्या जुन्याच रूपात परततो. आपल्या पत्रातील तारखा पहिल्या शक्यतेकडे बोट दाखवतात. तरीही याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि पंधरा दिवसांत काय केले ते न लपवता सांगा. गोळ्या चुकवल्याचे न सांगितल्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ असा समज होऊन डोस वाढवला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. रोज घ्यावयाचा डोस १० असावा की १५, हे त्यांनाच ठरवू द्या. आपणहून दोन गोळ्या एकत्र घेऊन भरपाई करू नका.

आता मूळ थकव्याकडे वळू. तो डोस वाढवल्यापासूनच सुरू झाला, म्हणून संशय प्रथम डोसवर जातो. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर येणारी सुस्ती बहुतेकांमध्ये दोन-तीन आठवड्यांत कमी होते, आणि मनावरचा पूर्ण गुण यायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात. हा उलटा क्रम फार गैरसोयीचा आहे, कारण त्रास आधी आणि फायदा नंतर असे असल्यामुळे अनेक जण मधल्या काळातच गोळी सोडतात. आपल्या बाबतीत सहा आठवडे होऊन गेले असल्याने नुसते थांबण्यात अर्थ नाही. गोळी सकाळी घेत असाल तर ती रात्री घेऊन पाहता येईल का, हे विचारा. (काहींची झोप त्यामुळे उडते, तेव्हा हा उपाय सर्वांसाठी नाही.) १० मिलिग्रॅमवर प्रकृती पुरेशी सुधारली असेल तर पुन्हा तिथे येणे, किंवा कमी सुस्ती आणणारे दुसरे औषध निवडणे, हेही पर्याय आहेत. डोस कमी म्हणजे सुस्ती कमी, हे गणितही सर्वत्र लागू पडत नाही: मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या औषधाच्या लहान डोसला अनेकांना मोठ्या डोसपेक्षा जास्त झोप येते.

गोळीवर सगळा दोष टाकण्यापूर्वी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्या झाल्या आहेत ना, ते पाहा. झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडखळणे, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आणि मद्य हीदेखील दिवसा पेंग येण्याची नेहमीची कारणे आहेत. शिवाय थकवा हे खुद्द नैराश्याचेही लक्षण असून मन सावरल्यानंतरही ते कित्येकदा सर्वांत शेवटी जाते. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: शरीर दमते, की आनंद आणि दुःख दोन्ही बोथट झाल्यासारखे वाटते? या बोथटपणालाही रुग्ण ‘थकवा’च म्हणतात, पण त्यासाठी रक्त तपासून काही सापडत नाही, डोसचाच विचार करावा लागतो. पुढच्या भेटीपर्यंत गोळीची वेळ, थकव्याची वेळ आणि रात्रीची झोप रोज एका ओळीत लिहून ठेवा. ‘हल्ली फार दमायला होते’ या वाक्यापेक्षा तो कागद डॉक्टरांना अधिक सांगेल.

औषध कधीतरी बंद करायचेच असेल, तर पहिल्या नैराश्यात पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते चालू ठेवतात आणि मग पायरीपायरीने उतरवतात. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसाव्यात. २० वरून १० वर येताना मेंदूवरचा परिणाम फारसा घटत नाही, पण शेवटच्या ५ मिलिग्रॅमवरून शून्यावर येणे ही खरी मोठी उडी असते, म्हणून शेवटचे टप्पे अधिक लहान व अधिक लांब ठेवतात आणि गरज पडल्यास द्रवरूप औषध वापरतात. डोस बदलल्यानंतर कमालीची अस्वस्थता आली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी; पंचविशीच्या आतील रुग्णांच्या घरच्यांनी या काळात विशेष लक्ष ठेवावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ आहे. रक्तदाबासाठी ती लघवी वाढवणारी गोळी घेते. दहा दिवसांपूर्वी सर्ट्रालिन सुरू केले. दोन दिवसांपासून ती सारखी झोपून असते, बोलताना गोंधळते, चालताना तोल जातो. सुरुवातीचा थकवा म्हणून आणखी दोन आठवडे वाट पाहावी का? – एक वाचक

उत्तर : नाही. त्यांना आजच रुग्णालयात न्या आणि सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर ठेवा. वाढत्या वयात, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर, सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या औषधांमुळे रक्तातील सोडियम घसरू शकते, आणि सुस्ती, गोंधळ व तोल जाणे ही त्याची लक्षणे असू शकतात; अशीच लक्षणे इतर गंभीर कारणांनीही दिसतात, म्हणून डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणे आवश्यक आहे. सोडियमची तपासणी साध्या रक्तचाचणीत होते. घरच्या घरी मीठ किंवा पाणी वाढवून पाहू नका, आणि पुढची गोळी द्यायची की नाही हे तिथल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.