नागपुरात विंचू पाळताय? आधी मे महिन्याचा विचार करा

भाऊ, सगळ्यात आधी एक सांगतो. गोट्याखाली सापडलेला लाल विंचू घरी आणू नकोस. त्याचं विष थेट हृदयावर जातं, लहान पोरं दगावतात. पाळायचाच तर आफ्रिकेतला काळा सम्राट विंचू पाळ, तोही कागदपत्रं बघून. तो सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा करार) यादीत आहे, वनखात्याकडे नोंदणी लागते.

त्याला २५ ते ३० अंश पुरे. डिसेंबरात रात्री पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, लाव. पण विंचवाच्या पेटीच्या बाजूच्या भिंतीला, खाली नाही. उकडलं की विंचू खाली उकरत जातो. मॅट खालीच असली तर बिचारा गारव्याच्या शोधात आगीकडेच जाईल. मॅट ठरावीक तापमानाला आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट हवाच. खरी परीक्षा मात्र मे महिन्यात. ४५ अंशांत बंद खोलीतली काचेची पेटी म्हणजे भट्टी. मी तेव्हा पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर ठेवतो आणि थर्मामीटर दिवसातून चारदा बघतो.

तळाला १२-१५ सेंमी ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर झाडाच्या सालीचा तुकडा, उथळ वाटीत पाणी. आठवड्याला एकदोन रातकिडे भरपूर झाले. उरलेला किडा सकाळी काढून टाक. कात टाकल्यावर विंचू फिकट, मऊ असतो, तेव्हा रातकिडाच त्याला कुरतडतो. माझा पहिला विंचू असाच गेला, अजून चुटपुट लागते. अंग कडक, काळं होईपर्यंत खायला देऊ नकोस, हातही लावू नकोस.