आठ महिन्यांच्या लॅब्रॅडॉर मादीची नसबंदी करावी का? आणि ती सोफा उकरते म्हणून नखं कायमची काढावीत का?

नसबंदी करा, नखांना मात्र हात लावू नका.

नख मुळापासून काढायचं म्हणजे बोटाचं शेवटचं हाडच कापावं लागतं. सोफ्यासाठी एवढी वेदना तिला देऊ नका. दर तीन-चार आठवड्यांनी नखं कापा, रोज पळवून दमवा. उकरणं बहुतेक कंटाळ्यातून येतं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला घासत नाही, म्हणून वाढून कातडीत रुतू शकतं. त्याच्याकडे विशेष लक्ष द्या. ते सारखं फाटत असेल किंवा तिथे गाठ आली, तरच डॉक्टर ते काढायचं म्हणतील.

नसबंदीचा खरा प्रश्न वेळेचा आहे. पहिल्यांदा माजावर येण्याआधी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो. पण लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातीत फार लवकर केल्यास सांध्यांचे त्रास वाढू शकतात, म्हणून बरेच डॉक्टर वर्षभर थांबायला सांगतात. तिचं वजन आणि सांधे तपासून डॉक्टरांशी बोला. माजावर आलीच, तर त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी करा. कायमची टाळू मात्र नका: उतारवयात गर्भाशयात पू होऊ शकतो, तो जीवघेणा ठरू शकतो आणि तेव्हा ऑपरेशन फार जोखमीचं असतं. नसबंदीनंतर वजन वाढू शकतं, खाणं थोडं कमी करा.