तिकीट रुपयांत काढलं, मग परदेशी चार्ज कसला?

प्रश्न: मुलगा जर्मनीत शिकतो, दिवाळीला घरी येतोय म्हणून मी इथूनच एका परदेशी साइटवर त्याचं फ्रँकफर्ट-मुंबई तिकीट काढलं. रक्कम रुपयांत दाखवली, तेवढीच कापली गेली, पण क्रेडिट कार्डच्या बिलात खाली मार्कअप फी (परदेशी व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी. बँकेला विचारलं तर म्हणतात व्यवहार परदेशी आहे. रुपयांत भरले तरी परदेशी कसा? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, बँकवाले बरोबरच बोलतायत पण अर्धंच सांगतायत. व्यवहार देशी की परदेशी हे पैसे घेणारी कंपनी कुठे रजिस्टर आहे त्यावरून ठरतं, स्क्रीनवर ₹ दिसतोय यावरून नाही. बऱ्याचदा ओटीपी न मागताच पेमेंट होतं, तिथेच समजायचं की पैसे बाहेर चाललेत.

खरी ग्यानबाची मेख त्या रुपयांच्या आकड्यात आहे. प्रवास ज्या देशातून सुरू होतो त्या देशाच्या चलनात सहसा भाडं ठरतं, म्हणजे इथे युरोत. साइट किंवा तिचं पेमेंट गेटवे (तिच्यासाठी कार्डचे पैसे घेणारी यंत्रणा) त्याचे रुपये स्वतःच्या रेटने करतं आणि त्या रेटमध्येच आपलं मार्जिन घालतं, याला डीसीसी म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. सोप्या हिशोबासाठी युरो १०० रुपये धरा, तिकीट ६०० युरो. युरोत भरलं असतं तर ६०,०००, त्यावर बँकेचा समजा ३.५ टक्के मार्कअप म्हणजे २,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८ जादा. आता साइटने १०५ चा रेट लावला तर ३,००० तिथेच गेले, वर बऱ्याच बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावरही १ टक्क्याच्या आसपास घेतात, ते ६३,००० वर जीएसटी धरून ७४३. झाले ३,७४३, आणि बिलात दिसतात फक्त ७४३! विद्यार्थ्याच्या घरातून असे पैसे जातात याचा मला खरंच राग येतो.

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमाने चलन निवडायचा पर्याय ग्राहकाला द्यावाच लागतो, पण तो बऱ्याचदा पेमेंटच्या पानावर बारीक अक्षरात असतो आणि रुपयांवर आधीच टिक केलेली असते. ती काढून युरो निवडा. पर्याय दिलाच नसेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं.

तिकीट रद्द करून परत काढायचा विचार मात्र करू नका, रिफंड त्या दिवसाच्या रेटने येतो आणि मार्कअप सहसा परत मिळत नाही.

पुढच्या वेळी मुलालाच त्याच्या जर्मन बँकेच्या कार्डवर युरोत काढू द्या, तिथे चलन बदलायचा प्रश्नच येत नाही. तुम्हीच काढून द्यायचं असेल तर कार्डचं शुल्कपत्रक आधी बघा, काही कार्डांवर मार्कअप २ टक्के किंवा त्याहून कमी असतो.