नव्या जीआय पत्र्यांवर पांढरी भुकटी: पत्रे बाद करण्याआधी हे तपासा

ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या पत्र्यांवर पांढरी भुकटी आली, म्हणजे माल खोटा असं लगेच समजू नका. जीआय पत्रा म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा. आणि जस्त गंजत नाही हा गैरसमज आहे. ते गंजतं, पण लोखंडापेक्षा सावकाश. शिवाय दोन्ही एकमेकांना लागून ओली झाली की आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. म्हणून बारीक ओरखड्याला लगेच तांबेरा धरत नाही. जागा काही मिलिमीटरपेक्षा रुंद उघडी पडली, तर मात्र हे संरक्षण पुरत नाही.

मोकळ्या हवेत, ओलं-कोरडं होत होत, जस्तावर कार्बोनेटचा राखाडी, घट्ट थर बसतो आणि पुढची झीज मंदावते. तुमच्या चळतीत पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं, हवा खेळली नाही. कार्बन डायऑक्साइड न मिळाल्याने सगळं जस्ताच्या हायड्रॉक्साइडवरच, म्हणजे या पांढऱ्या भुकटीवरच अडलं. ही भुकटी फुसफुशीत असते, खालचं जस्त खाल्लं जातच राहतं.

आज चळत मोडा, पत्रे सुटे करून वाळवा. नायलॉनच्या कडक ब्रशने भुकटी काढा. तारेचा ब्रश चांगलं जस्तही खरवडतो. चिवट डागांना व्हिनेगर लावा, दहा मिनिटांच्या आत भरपूर पाण्याने धुऊन पुसा. संडास साफ करायचं ॲसिड नको आणि कॉस्टिक सोडाही नको, जस्त दोन्हींत विरघळतं. ओलं सिमेंटही याच कारणाने त्याला बाधतं. खाली राखाडी धातू दिसला तर पत्रा खुशाल वापरा. काळपट डाग म्हणजे थर पातळ झालाय. तिथे, आणि तांबूस ठिपके असतील तर ते घासून, जस्तचूर्णाचा प्रायमर मारा.

आता खरा प्रश्न: थर किती होता? पत्र्यावर झेड १२० असेल, तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त. जस्ताची घनता ७.१४, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). झेड २७५ला साधारण १९. खाऱ्या हवेत वर्षाला दोन ते चार मायक्रॉन सहज जातात, अगदी किनाऱ्याला त्याहून जास्त. हिशेब तुम्हीच करा. समुद्राजवळ झेड १२० घेणं मला तरी पैसे बुडवणं वाटतं.

बसवेपर्यंत पत्रे जमिनीपासून उंच, तिरके आणि मध्ये पट्ट्या घालून ठेवा. कापायला ग्राइंडर टाळा, त्याच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटून गंजतात. नव्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारलात तर जस्ताचा साबण होऊन पापुद्रे सुटतील. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा प्रायमर हवाच. आणि वेल्डिंग करणार असाल तर सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढा. ते ९०७ अंशांना उकळतं, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.