वाचक विचारतात : सानिया मिर्झाचे सीझन, एकेक करून

प्रश्न : सानिया मिर्झा २००७ मध्ये सिंगल्समध्ये २७ व्या नंबरवर होती आणि पुढे घसरतच गेली. आमच्या घरात कायम वाद असतो, एक जण म्हणतो तिचं लक्ष उडालं, दुसरा म्हणतो सिंगल्स झेपलं नाही म्हणून डबल्स धरलं. खरं काय ते वर्षांप्रमाणे सांगाल का?

उत्तर : दोघंही चुकताय. तिचं मनगट गेलं. पण ते २००८ चं, आधी २००५ बघू, कारण ते वर्ष नीट कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

जानेवारी २००५, ऑस्ट्रेलियन ओपन, वाइल्ड कार्डवर (रँकिंग पुरत नसताना आयोजकांनी दिलेला खास प्रवेश) आत आलेली अठरा वर्षांची मुलगी तिसऱ्या राउंडपर्यंत जाते आणि सेरेना विल्यम्सकडून हरते. फेब्रुवारीत हैदराबादची डब्ल्यूटीए (व्यावसायिक महिला टेनिसची संघटना) स्पर्धा घरच्या लोकांसमोर जिंकते, सिंगल्सचं असं टायटल जिंकणारी पहिली भारतीय बाई. लगेच दुबईत स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला हरवते, जी तेव्हा यूएस ओपनची चॅम्पियन होती! आणि सप्टेंबरमध्ये यूएस ओपनच्या चौथ्या राउंडला शारापोव्हासमोर उभी. वर्ष संपलं तेव्हा रँकिंग ३१.

आता यातली मेख अशी की टेनिसमधले पॉइंट्स ५२ आठवडेच टिकतात. म्हणजे फेब्रुवारीत कमावलेले पॉइंट्स पुढच्या फेब्रुवारीत गळतात आणि तेवढेच परत कमवा, नाहीतर खाली या. त्यामुळे पहिला सीझन जितका मोठा तितका दुसरा अवघड, आणि २००६ मध्ये तिचं तेच झालं, रँकिंग उतरलं आणि लोक लगेच बोलायला लागले. पण त्याच सप्टेंबरमधली एक गोष्ट मला फार आवडते. कोलकात्यात माजी नंबर वन मार्टिना हिंगिसने तिला ६-१, ६-० असं अक्षरशः धुतलं आणि पुढच्याच आठवड्यात सोलला सानियाने त्याच हिंगिसला तीन सेटमध्ये हरवलं. लक्ष उडालेली खेळाडू आठवड्याभरात असं उत्तर देत नाही. डिसेंबरमध्ये दोहा एशियन गेम्सला सिंगल्सचं सिल्व्हर, आणि लिअँडर पेसबरोबर मिक्स्ड डबल्सचं (बाई-पुरुष जोडीचं) गोल्ड.

२००७ हा सिंगल्समधला सगळ्यात भक्कम सीझन. स्टॅनफर्डची फायनल खेळली, ऑगस्टमध्ये २७ वा नंबर. २००८ ची सुरुवातही चांगलीच होती, ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या राउंडला व्हीनस विल्यम्सकडून हरली, महेश भूपतीबरोबर मिक्स्डची फायनल गाठली. आणि मग मनगट.

तिचा फोरहँड (उजव्या बाजूचा फटका) कधी स्लो मोशनमध्ये बघा. रॅकेट मागे नेताना मनगट सैल आणि बॉलवर येताना ते चाबकासारखं फिरतं, सगळा वेग तिथूनच यायचा. सर्व्ह तिची कधीच मोठी नव्हती, कोर्टवरची पळापळही टॉपच्या मुलींइतकी नव्हती, म्हणजे सगळी कमाई त्या एका फटक्यावर आणि तो फटका मनगटावर. बीजिंग ऑलिंपिकला पहिल्याच सिंगल्स मॅचमध्ये तिला दुखण्यामुळे अर्ध्यातून बाहेर पडावं लागलं. त्या वर्षी ऑपरेशनही झालं. साधे केस विंचरणंही जमत नव्हतं असं तिने नंतर सांगितलंय. त्यातून परत येऊन ती आणखी काही वर्षं सिंगल्स खेळली, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला सिल्व्हरही आणलं, पण आठवड्याला पाच-पाच सिंगल्स मॅच आणि वर डबल्स हे ते शरीर पेलणार नव्हतं आणि तिने वेळेत ओळखलं. २०१२ नंतर सिंगल्स बंद.

आणि डबल्स हे काही हरलेल्यांचं घर नाही हो! २००९ मध्ये, म्हणजे ऑपरेशननंतरच्या पहिल्याच जानेवारीत, भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं मिक्स्ड जिंकून ती ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारी पहिली भारतीय बाई झाली. २०११ ला एलेना व्हेस्निनाबरोबर फ्रेंच ओपनची डबल्स फायनल, २०१२ ला तिथेच भूपतीबरोबर परत मिक्स्ड जिंकलं. हे सगळं हिंगिस तिची डबल्सची पार्टनर म्हणून यायच्या आधीचं आहे, लोक ते विसरतात.

प्रश्न : हिंगिसबरोबर २०१५ मध्ये एकदम असं काय जमलं? आणि डबल्सचा नंबर वन म्हणजे जोडीचा की एकटीचा?

उत्तर : एकटीचा. प्रत्येकीचे पॉइंट्स वेगळे मोजतात, पार्टनर बदलला तरी तुमचे तुमच्याजवळ राहतात. म्हणूनच १३ एप्रिल २०१५ ला सानिया नंबर वन झाली तेव्हा ती एकटीच होती, हिंगिस तिच्या शेजारी आली जानेवारी २०१६ मध्ये. सानिया आधी पोहोचली त्याचं कारण २०१४. तो सीझन कुणी फारसा आठवत नाही पण माझ्या मते पाया तोच. कारा ब्लॅकबरोबर वर्षभर सातत्याने खेळली, ब्रुनो सुआरेसबरोबर यूएस ओपनचं मिक्स्ड जिंकली आणि वर्षाअखेर सिंगापूरच्या डब्ल्यूटीए फायनल्समध्ये ब्लॅक आणि ती दोघींनी शे सू-वे आणि पेंग श्वाईला ६-१, ६-० हरवलं. गंमत म्हणजे २०१५ सुरू करताना त्याच शे सू-वेला पार्टनर घेतलं, काही जमलं नाही, आणि मार्चमध्ये हिंगिस आली.

जमलं काय, तर कामाची वाटणी. सानिया फोरहँडच्या बाजूला, मागून जोरात मारणारी, हिंगिस बॅकहँडच्या बाजूला आणि नेटवर, जिचे हात आणि डोकं दोन्ही जगात भारी. सानियाच्या रिटर्नने समोरची जरा जरी वाकली तरी बॉल वर तरंगत येणार आणि तिथे हिंगिस तयार. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, लागोपाठ तीन टायटल्स!

विम्बल्डनची फायनल मात्र बघाच कुठे मिळाली तर. समोर माकारोव्हा आणि व्हेस्निना, पहिला सेट ५-७ गेला, दुसरा टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) घेतला, तिसऱ्यात २-५ ने मागे. तिथून ५-५ केलं, अंधार पडायला लागला म्हणून खेळ थांबवून छप्पर बंद केलं, लाइट लागले, आणि परत येऊन सरळ ७-५. मग यूएस ओपन, मग २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपन, मधे ४१ मॅच न हरता. दोहाला व्हेस्निना आणि कसात्किनाने ती माळ तोडली. एकत्र १४ टायटल्स घेऊन ऑगस्ट २०१६ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या, आणि त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या फायनलला सानिया बार्बोरा स्ट्रिकोव्हाबरोबर आणि समोर कोण, तर हिंगिस, कोको व्हँडवेघेबरोबर. सानिया जिंकली आणि परत एकटी नंबर वन. एकूण ९१ आठवडे ती त्या जागेवर होती.

प्रश्न : बाळंतपणामुळे दोन वर्षं खेळली नाही तरी २०२१ मध्ये ऑलिंपिकला थेट कशी गेली? हा पक्षपात नाही का?

उत्तर : अजिबात नाही. दुखापत किंवा बाळंतपणामुळे खेळाडू लांब राहिली तर तिचं जुनं रँकिंग ठराविक स्पर्धांमध्ये प्रवेशासाठी राखून ठेवतात, सगळ्यांना तोच नियम. सानिया २०१७ च्या शेवटी गुडघ्यामुळे थांबली, ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला, थांबली तेव्हा ती डबल्सच्या टॉप टेनमध्ये होती म्हणून ९ वा नंबर राखीव राहिला. त्यावरच अंकिता रैनाबरोबर टोकियोला प्रवेश मिळाला. तिथे किचेनोक जुळ्या बहिणींसमोर ६-०, ५-३ ने पुढे असून हरल्या, आजही चुटपुट लागते. पण प्रवेश मिळणं आणि जिंकणं यात फरक असतो आणि जिंकणं तिने स्वतः केलंय, २०२० मध्ये परतल्यावर पहिलीच स्पर्धा, होबार्ट, नादिया किचेनोकबरोबर, म्हणजे टोकियोला समोर होती त्याच जोडीतल्या एकीबरोबर. २०२१ मध्ये झांग श्वाईबरोबर ऑस्ट्राव्हाची स्पर्धा. २०२२ मध्ये विम्बल्डन मिक्स्डची सेमीफायनल, ते एकच मिक्स्ड स्लॅम तिच्याकडे नाही. आणि जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या ग्रँड स्लॅमला रोहन बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिक्स्ड फायनल. फायनल हरली, पुढच्या महिन्यात दुबईत मॅडिसन कीजबरोबर शेवटची स्पर्धा खेळून थांबली, तोवर डबल्सची ४३ टायटल्स झाली होती.