सिगारेट सोडवायला औषध असतं का, आणि ते देणारा डॉक्टर ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राहणारे वडील, वय ६१, दिवसाला पंधरा सिगारेटी, दोनदा सोडून पुन्हा सुरू. धाकटा भाऊ वीस वर्षांचा, भंवरकुआँला क्लास करतो, त्याच्या बॅगेत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं. दोन डॉक्टर झाले, दोघांनीही 'सोडून द्या' एवढंच सांगितलं. इच्छाशक्तीपलीकडे काही उपचार आहे का?

आहे. पण आधी त्या दोन डॉक्टरांची बाजू सांगते, कारण त्या रांगेत मीही बरीच वर्षं उभी होते.

मी दातांची डॉक्टर. इंदूरलाच राजेंद्र नगरच्या बाजूला दवाखाना, तेवीस वर्षं झाली. त्यातली पहिली सतरा मी अशीच काढली. दातांवरचा काळा थर खरवडता खरवडता 'काका, कमी करा हो आता' म्हणायचं. काकांच्या तोंडात माझी हत्यारं, ते नुसतं 'आँ' करायचे, आणि मी ते होकार समजून पुढच्या दाताकडे वळायची. कॉलेजात आम्हाला तोंडाच्या कॅन्सरचे फोटो किती दाखवले त्याला मोजमाप नाही. तंबाखू सोडवायची कशी, यावर एक तास झाल्याचं मात्र मला आठवत नाही. मधुमेहाच्या पेशंटला 'साखर कमी करा बघू' एवढंच सांगून कोणी घरी पाठवत नाही, तपासणी होते, गोळी होते, पुढची तारीख होते. सिगारेटवाल्याला मात्र उपदेश. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत तर उपदेशाचाही दुष्काळ दिसला: डॉक्टरकडे जाऊन आलेल्या सिगारेट-विडी ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनाच 'सोडा' असं कोणी सांगितलं होतं.

सहा वर्षांपूर्वी एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. खरं सांगायचं तर मैत्रीण जात होती म्हणून. तिथे शिकवणारे गृहस्थ पेशंट होऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, 'मॅडम, मला सिगारेट सोडायला लावा.' मी सुरू झाले. फुप्फुसं, हृदय, हिरड्या, घरातली लहान मुलं, खर्च. थांबले तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला. वेळ लावून ठेवली होती. मी चार मिनिटं बोलले होते, पेशंट वीस सेकंद. 'यात मला माहीत नव्हतं असं तुम्ही काय सांगितलंत?' असं त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांसमोर माझे कान तापले.

मग त्यांनी मला तीनच प्रश्न दिले. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? आजवर सर्वांत जास्त किती दिवस सोडली होती आणि परत कशी लागली? सोडायची तयारी दहापैकी किती? कोणी 'चार' म्हणालं, तर 'दहा का नाही' असं विचारायचं नाही. 'दोन का नाही?' असं विचारायचं. पहिल्याने माणूस आपली बाजू सावरायला लागतो. दुसऱ्याने तो स्वतःच सोडायची कारणं सांगायला लागतो. मला ही चलाखी वाटली होती. पुढच्याच आठवड्यात एका पेशंटला विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'नातू जवळ येत नाही. वास येतो म्हणतो.' सतरा वर्षांत असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

पहिल्या प्रश्नात तर निम्मं निदान आहे. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरतं, दर दोनेक तासांनी निम्मं होतं. उठल्या उठल्या पाच मिनिटांत जो काडी पेटवतो, त्याची ती मजा नसते, ते शरीराचं मागणं असतं. अशा माणसाला इच्छाशक्तीवर सोडणं म्हणजे पाय मोडलेल्याला मनाचा निश्चय करून चालायला सांगणं. वडिलांची पहिली सिगारेट कधीची, हे बघून ठेवा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर औषधाशिवाय सुरुवात करू नका, असं मी म्हणेन.

आता औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या जुलैमध्ये मोठ्यांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिल्यांदा उपचाराची मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्हॅरेनिक्लिन, निकोटिनचे गम आणि पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी), ब्युप्रोपियॉन आणि सायटिसिन ही चार नावं आहेत, आणि त्यांच्या जोडीला समुपदेशन. व्हॅरेनिक्लिन कसं काम करतं? बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं तिथे ही गोळी आधीच बसते. थोडीशी तरतरी स्वतः देते म्हणून तलफ उतरते, आणि वर सिगारेट ओढलीच तर निकोटिनला जागा नाही, मजा येत नाही. सिगारेट चालू असतानाच सुरू करायची, साधारण आठवड्याने सोडायचा दिवस, आणि पुढे मिळून बारा आठवडे. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. पोटभर खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. स्वप्नं मात्र चित्रविचित्र पडतात. या गोळीने डोकं फिरतं अशी भीती अजून ऐकू येते. अमेरिकेत २००९ साली तसा ठळक इशारा आलाही होता, पण आठ हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास झाल्यावर २०१६ मध्ये तो काढला. किडनीचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते. ब्युप्रोपियॉन फिट येणाऱ्यांना चालत नाही. म्हणून या गोळ्या चिठ्ठीवरच.

गम आणि पॅच सोपे वाटतात, आणि घोळ तिथेच होतो. आमचे एक काका, बँकेतून निवृत्त (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत), चौथ्या दिवशी गमचं पाकीट टेबलावर आपटून म्हणाले, 'हे घ्या तुमचं चुईंगम! उचकी लागते, घसा जळतो आणि तलफ जशीच्या तशी.' म्हटलं, माझ्यासमोर एक खाऊन दाखवा. काकांनी बाहेर टपरीवर चहा घेतला होता, त्यावरच गम टाकला आणि उसाच्या चरकासारखं सपासप चावायला लागले. सगळं निकोटिन लाळेतून पोटात. तिथे ते फारसं कामाला येत नाही, नुसती उचकी. गम हा चावायचा पदार्थच नाही. दहा-पंधरा वेळा हळू चावायचा, तोंडात मिरमिरलं की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की पुन्हा थोडा चावायचा, दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असा अर्धा तास. 'म्हणजे आमच्या शिपायाची तंबाखूची गोळी,' काका म्हणाले. अगदी तशीच, फक्त थुंकायचं नाही. आणि आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू काही नाही, कारण तोंड आंबट असलं की गालातून निकोटिन शोषलं जात नाही. इंदूरला सकाळी पोह्यांवर लिंबू पिळल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, त्यामुळे सकाळचा पहिला गम वाया जाण्याची इथे खात्रीच. काकांनी पोहे सोडले नाहीत, गम आधी घेऊन पोहे नंतर खाल्ले.

उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, इतरांना २चा. मेडिकलवर लोक २चा उचलतात आणि 'काही होत नाही' म्हणून फेकतात. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच, पुढे १४, मग ७. पॅच दिवसभराचा पाया धरतो, अधूनमधून उसळणाऱ्या तलफेला गम. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम होतं. हृदयविकार किंवा नुकताच झटका असेल तर डॉक्टरशी बोलूनच. बाकी 'निकोटिनचं व्यसन निकोटिननेच कसं सोडवायचं' हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. व्यसन निकोटिनचं असतं, पण फुप्फुसांची राख करतो तो धूर.

अपेक्षा ताब्यात ठेवा. जगभरच्या अभ्यासांची बेरीज पाहिली तर औषधाशिवाय शंभरांत सहाएक जण सहा महिन्यांनंतरही सुटलेले राहतात, व्हॅरेनिक्लिनने बारा ते सोळा. म्हणजे दुप्पट किंवा थोडं जास्त, पण शंभर नव्हे. माझे बँकवाले काका एकोणिसाव्या दिवशी घसरले. पुण्याचे मित्र आले होते, रात्री सराफ्यात फिरताना एक झाली, मग दोन. सकाळी पडलेल्या आवाजात फोन, 'सगळं वाया गेलं.' म्हटलं, दोन सिगारेटी गेल्या, एकोणीस दिवस कुठे गेले? पॅच चालू ठेवा आणि शुक्रवारी या. आता चौदा महिने झाले. दुसरे एक गृहस्थ चार वेळा येऊन गेले आणि अजून ओढतातच. त्यांची पुढची तारीखही मी लिहून ठेवली आहे.

तारखेचं महत्त्व मी स्वतःच्या डोक्याने काढलेलं नाही. १९७९ साली लंडनच्या मायकेल रसेल यांनी फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना डॉक्टरने दोन शब्द सांगितले, पत्रक दिलं आणि 'नंतर विचारणार आहे' असं बजावलं, त्यांच्यातले ५.१ टक्के वर्षभराने सुटलेले होते. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यात ०.३ टक्के. दोन मिनिटांचं काम. तुमच्या दोन डॉक्टरांनी त्यातलं पहिलं केलं, शेवटचं केलं नाही.

तर डॉक्टर ओळखायचा असा: तो पहिली सिगारेट कधी ते विचारतो का, औषधांची नावं काढतो का आणि पुढची तारीख देतो का. तिन्ही नसेल तर बाहेर या. आमच्याकडे सरकारी दंत महाविद्यालयात आधी चौकशी करा, कारण दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं उघडण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे. नाहीतर एमवाय या सरकारी रुग्णालयात मनोविकार किंवा छातीच्या ओपीडीत. वडिलांना 'मनोविकार' शब्दाचा राग येईल. येऊ द्या, पाटी वाचायची गरज नाही. शिवाय १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा आहे. २०१८पासून हा नंबर पाकिटावर छापतात, पण गुमटीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याला तो दिसणार कधी?

भावाचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्याला वडिलांसोबत एकाच दिवशी नेऊ नका. व्हेप २०१९च्या कायद्याने देशात बंद आहे: बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळं. आणि तरी विद्यार्थी माझ्या दवाखान्यात ते हायलायटरसारखं खिशाला लावून येतात. बंदी असल्यामुळे मुलं डॉक्टरपासून लपवतात. त्याला आधी एवढं सांगा की डॉक्टरला सांगितल्याने पोलीस येत नाहीत. सिगारेट संपते, थोटूक उरतं, मोजता येतं; व्हेपचा झुरका मोजायला काही नसतं. पाच टक्क्यांच्या द्रवात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन असतं, आणि एका सिगारेटमधून शरीरात जातं साधारण एक-दीड. त्या द्रवात निकोटिन क्षाराच्या (सॉल्टच्या) रूपात असतं, त्यामुळे घशाला खवखव होत नाही, म्हणून पोराला वाटतं हे हलकं आहे. तेव्हा 'किती ओढतोस' विचारून उपयोग नाही. रात्री उशीखाली असतं का, झोपेतून उठून ओढतोस का, हे विचारायचं. कार्बन मोनॉक्साइड मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं की सिगारेटवाला लगेच पकडला जातो, व्हेपवाला निर्धास्त असतो. तिथे काही जळतच नाही.

उपचार इथेही आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हॅरेनिक्लिन आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी बारा आठवड्यांच्या शेवटी ५१ टक्के सुटलेले होते, समुपदेशन तेच पण गोळी दिखाव्याची मिळालेल्यांत १४. पुढे आकडे घसरले, पण फरक राहिला. भाऊ तुम्हाला उलट म्हणेल की ब्रिटनमध्ये डॉक्टरच सिगारेट सोडायला व्हेप सुचवतात. खरं आहे, सुचवतात, पण सिगारेटवाल्याला; त्याने तर सुरुवातच व्हेपने केली. आणि तिकडे त्या द्रवात काय घालायचं याचे नियम आहेत, इथे चोरून आलेल्या मालात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वडिलांसाठी एक शेवटची गोष्ट, जी मलाही प्रशिक्षणाआधी माहीत नव्हती. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर मोडतं. सिगारेट थांबली की तेच सहा कप चहा शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो, सोडल्यामुळे त्रास होतोय, एक ओढू का. दमा किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांचंही तसंच होतं, म्हणून ते कुठल्या गोळ्या घेतात त्याची यादी डॉक्टरला दाखवा. आणि सोडायच्या दिवसापासून घरातला चहा निम्मा करा. त्यांना न सांगता, कप लहान केलात तरी चालेल.